चुकीचा डबा

सूप तयार होऊन अर्धा तास झाला होता. जुस्तीनाने आच मंद करून पातेल्यावर झाकण ठेवलं, कारण बाहेरच्या खोलीत नवरा आणि थोरला मुलगा पडदा लावून बसले होते, आणि तिच्या घरात पडद्यावर फुटबॉल चालू असताना कुणाला जेवायला हाक मारायची नाही असा नियम होता. नियम तिनेच केलेला. प्रोजेक्टर घरात आल्यापासून सव्वीस वर्षांत तो एकदाच मोडला, धुराड्याला आग लागली तेव्हा. बिशप साहेब अचानक दारात उभे राहिले होते, त्यांनासुद्धा तिने दुसरा हाफ संपेपर्यंत स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं.

पण आज प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली आणि लगेच थांबली. मग लादोचा आवाज आला.

"बाबा, हा सराव नाहीये. ही ऑक्टोबरातली मॅच आहे."

"मग दुसरा डबा बघ."

"दुसरा डबा इथे नाहीये, बाबा. दुसरा डबा एमिलकडे गेलाय."

जुस्तीनाच्या हातातला डाव तिथेच राहिला.

अमेरिकेतल्या त्या खोऱ्यात पोलादाच्या गिरण्या जितक्या जुन्या, तितकीच ही रीतही जुनी होऊ पाहत होती: पुढच्या मॅचआधी दोन्ही कोचनी आपापल्या मागच्या मॅचची फिल्म एकमेकांना द्यायची आणि आठवड्याने परत करायची. चोरी नाही, उपकारही नाही. तिचा नवरा ओन्द्रे वेल्बर्गच्या शाळेचा कोच होता आणि थोरला लादो त्याचा मदतनीस; तीन वर्षांपूर्वी धाकटा एमिल नदीपलीकडच्या क्लेफर्डच्या शाळेत कोच झाला, आणि तेव्हापासून नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी होणाऱ्या मॅचसाठीची ही देवाणघेवाण बाप-लेकांमध्ये जुस्तीनाच्याच टेबलावर, सूप आणि मटण यांच्या मधल्या वेळात होई. गेल्या रविवारीही झाली. फक्त गेल्या रविवारी ओन्द्रे तिरपाकने धाकट्याच्या हातात मॅचची फिल्म दिली नव्हती. गिरणीच्या गोदामामागे, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून दोन आठवडे चोरून घेतलेल्या सरावाची फिल्म दिली होती. त्यात गुरुवारच्या मॅचसाठी बसवलेले आठच्या आठ डाव होते.

लादो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, पण चिडला की अजून त्याचे कान लाल होत.

"ऐकलंस ना आई?"

"मी बहिरी नाहीये. स्लोवाकियातही ऐकू गेलं असेल."

"बाबांनी स्वतःच्या हाताने आपली अख्खी मॅच त्या क्लेफर्डवाल्याला देऊन टाकली."

"तो क्लेफर्डवाला तुझा भाऊ आहे. आणि आवाज खाली घे. सूप फाटेल."

ओन्द्रे मागून आला. सहासष्ट वर्षांचा, खांदे अजून दाराएवढे, उजव्या हाताची दोन बोटं गिरणीतल्या तरुणपणीच्या भाजण्याने कायमची वाकलेली. तो जुस्तीनाकडे बघेना. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मीच दिला असेल. चुकला डबा. माणूस चुकतो."

जुस्तीनाने त्याच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं ती या माणसाचं खोटं बोलणं ओळखत होती, कारण त्याला खोटं बोलता येतच नसे. खोटं बोलताना तो टेबलक्लॉथ सरळ करी. आत्ता तो टेबलक्लॉथ सरळ करत होता.

"माणूस चुकतो, हो," लादो म्हणाला. "पण बाबा, मार्चमध्ये तुम्ही बसची वेळ विसरलात. सप्टेंबरात त्या मोर्गनच्या पोराला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारलीत."

"त्याच्या बापालाही मीच शिकवलंय. दोघांचं नाक एकच आहे."

"मला उद्या शाळेच्या मंडळासमोर बोलावलंय. चार वाजता." लादो हे जमिनीकडे बघत म्हणाला, म्हणजे हे त्याला आज सांगायचं नव्हतं. "सात जण आहेत. तीन म्हणतात कोचला ठेवा, तीन म्हणतात निरोप द्या. आणि तो दाताचा डॉक्टर म्हणतो, कोचच्या मुलाला विचारा, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का. मी जे सांगेन ते होणार."



"आणि तू काय सांगणार होतास?" ओन्द्रेने विचारलं.

"कालपर्यंत, हो, आहे, असं सांगणार होतो. आता काय सांगू, तुम्हीच सांगा."

जुस्तीना चुलीकडे वळली. तिला पाठ करून उभं राहायचं होतं. अडतीस मोसम. पहिल्या वर्षी या माणसाकडे सोळा पोरं आणि अकरा हेल्मेटं होती. पाच पोरं बाकावर उघड्या डोक्याने बसत आणि आत जाताना बाहेर येणाऱ्याचं हेल्मेट घालत. दोनशे एकाहत्तर मॅचेस जिंकला. संपाच्या वर्षी गिरणी एकशे सोळा दिवस बंद होती, तेव्हा याच स्वयंपाकघरातून बत्तीस पोरांनी रोज कोबी आणि शेवया खाल्ल्या, आणि त्याच वर्षी वेल्बर्ग एकही मॅच हरलं नाही. सुतारकामाच्या वर्गात मास्तर म्हणून पगार घेतला आणि मैदानावरचं काम जवळजवळ फुकट केलं. अशा माणसाला उद्या चार वाजता 'डोकं फिरलंय' म्हणून घरी बसवणार, आणि तेही कशामुळे? एका डब्यामुळे.

आणि तो डबा कुणी भरला होता, हे या घरात दोनच माणसांना माहीत होतं.

*

एमिल बरोबर एक वाजता आला. मागे रोझाना, हातात काचेच्या भांड्यात भाजलेली मिरची आणि वांगी, कारण इटालियन सून सासूच्या घरी रिकाम्या हाताने आली असती तर तिच्या आईने तिला परत घरात घेतलं नसतं. एमिलच्या काखेत फिल्मचा पत्र्याचा डबा होता. त्याने कोट काढायच्या आधी तो बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, बापासमोर ठेवला.

"बाबा, हा डबा चुकून आला."

"माहीत आहे," ओन्द्रे म्हणाला.

"माहीत आहे!" लादो म्हणाला. "आता माहीत झालं. किती वेळा पाहिलास?"

"पाहिला नाही. लावला, पाण्याची टाकी दिसली, टाकीखाली तुमच्या फिल्मवाल्या बर्नार्डची गाडी दिसली, सराव आहे हे कळलं, बंद केला. मिनिटभरही नसेल."

"मिनिटभर!"

"अरे, घड्याळ लावून बसलो नव्हतो."

"रविवारी घरी नेलास आणि आज रविवार. आठ दिवस. फोन करायला काय झालं होतं? क्लेफर्डमध्ये तारा तुटल्या?"

"फोन करून काय सांगू? 'मी पाहिला नाही'? तू मानलं असतंस? आत्ता तोंडावर सांगतोय तर मानत नाहीयेस."

रोझाना मध्ये पडली. "लादो, मी शप्पथ घेऊन सांगते. त्याने डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाला, लपव. मी पिठाच्या पिंपामागे ठेवला. पाव करताना रोज बघत होते, तिथेच होता."

"बायको नवऱ्याचीच साक्ष देणार, रोझाना. तुझ्या जागी मीही दिली असती."

"म्हणजे मी खोटी?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंस की. शब्दांत नाही म्हटलंस एवढंच."

एमिलचा चेहरा आता बापासारखा झाला होता, दगडी. "आणि लादो, उद्या चार वाजता तू कुठे जाणार आहेस, ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. बाबांना घालवलं की ती खुर्ची कुणाला मिळणार, तेही. म्हणून मी चोर आणि बाबा विसरभोळे, असं दोन्ही एकदमच पाहिजे तुला."

लादो उठला. खुर्ची मागे पडली. रोझाना नवऱ्याच्या दंडाला धरून, पण लादोकडे बघत म्हणाली, "एमिल, पुरे. खुर्चीचं राहू दे. बाबा थकलेत हे मलाही दिसतं. त्यात त्यांचा अपमान नाही. माझे बाबा साठाव्या वर्षी काम सोडून घरी बसले."

म्हणजे सूनही लादोच्या बाजूला झुकली. जुस्तीनाने मनात नोंद घेतली: दोन तिकडे, एक इकडे, आणि नवरा टेबलक्लॉथ सरळ करतोय.

गप्प राहणं सोपं होतं. ती चौथीतून शाळा सोडून आईच्या खाणावळीत भांडी घासायला लागली त्या दिवसापासून तिने कुणासमोर 'चुकलं माझं' म्हटलं नव्हतं. भाजी खारट झाली तर मीठ खारट होतं. पोरगा नापास झाला तर मास्तर आंधळा होता. नवऱ्याला हे माहीत होतं, म्हणूनच तो तिची चूक स्वतःच्या अंगावर ओढून बसला होता. उद्या मंडळासमोरही तसाच बसला असता. हुतात्म्याचा पुतळा!

तिला एकदम नवऱ्याचा इतका राग आला की ती पुढे झाली, डबा ओढून घेतला आणि झाकण उघडलं.

"आई, काय करतेस?" लादो म्हणाला.

"गप. दिवा लाव, मला दिसत नाही."

तिने रीळ बाहेर काढलं, खिडकीकडे धरलं आणि बाजूने फिरवलं. काळ्या चकचकीत वेटोळ्यांमधून पांढऱ्या कागदाची एक बारीक पट्टी नखाएवढी बाहेर आली होती. मग दुसरी. मग आतल्या बाजूला तिसरी.

"ये इकडे. बघ. हात नको लावूस, बोटांचे ठसे उमटतात."

"हे काय आहे?"

"बर्नार्ड क्रेनच्या शिडीवरून शूटिंग करतो. त्याच्या कॅमेऱ्यात मोठं रीळ बसत नाही. छोटी छोटी चार रिळं येतात, ती जोडून एक करावी लागतात. तीन सांधे. सांधा डिंकासारख्या औषधाने चिकटवतात आणि तो प्रोजेक्टरमध्ये सुटू शकतो, म्हणून प्रत्येक सांध्याशी चर्चच्या पत्रकाची एक पट्टी खोचतात. पहिल्यांदा लावताना तिथे नजर ठेवायची. फिल्म पुढे सरकली की पट्टी आपोआप गळून पडते." तिने पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा पहिला सांधा चार मिनिटांवर आहे. तिन्ही पट्ट्या जागच्या जागी आहेत. तुझ्या भावाने एक मिनिट पाहिलं म्हणतो, तर एकच मिनिट पाहिलं. आणि पट्ट्या आहेत हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणजे परत खोचायचा प्रश्न नाही. झालं समाधान? माग त्याची माफी."

लादो वाकून तिन्ही पट्ट्या पाहत राहिला. बराच वेळ. मग उभा राहिला, आणि माफी मागण्याऐवजी त्याने भलतंच विचारलं.

"आई, हे तुला कसं माहीत?"

हाच प्रश्न येणार हे तिला झाकण उघडतानाच माहीत होतं.

"कारण मी खोचल्या."

"तू?"

"हो, मी. सेहेचाळीस साली चर्चने टाकून दिलेला प्रोजेक्टर तुझ्या बापाने घरी आणला आणि पहिल्याच दिवशी फिल्म तोडली. या बोटांनी सांधा जोडता येतो का कुणाला? बघ ती बोटं. मी लेस विणायचे, मी जोडली. तेव्हापासून मीच जोडते. मीच डबे भरते." तिने श्वास घेतला. "आणि गेल्या रविवारी हा डबाही मीच भरला. तुझ्या बापाने नाही."

 ओन्द्रेचा हात टेबलक्लॉथवर थांबला.

"मॅचचा डबा मी खिडकीत ठेवते आणि सरावाचा शिलाई मशीनवर. नेहमी. त्या दिवशी रोझानाने टेबल लावताना दोन्ही उचलून एकावर एक ठेवले. वर कोचच्या अक्षरात लिहिलेलं होतं, हो, सगळं बरोबर लिहिलेलं होतं. मला प्रार्थनेच्या पुस्तकातलं छापील वाचता येतं. कोचचं हे कोंबडीचे पाय उमटलेलं इंग्रजी मला वाचता येत नाही. रोझाना शेजारीच उभी होती. नुसतं विचारायचं होतं, बाई, यातला मॅचचा कुठला? पण सुनेला विचारायचं? मी?" तिने रिळाकडे पाहिलं. "वरचा उचलला आणि तुझ्या बापाच्या हातात दिला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून न बघता पुढे केला. सव्वीस वर्षं तो न बघताच पुढे करतोय. चुकलं माझं."

रोझानाने तोंडावर हात ठेवला. "आई, मी सांगितलं असतं की हो."

"माहीत आहे. म्हणूनच नाही विचारलं."

एमिल खुदकन हसला, त्याला आवरलंच नाही, आणि मग घाबरून गप्प झाला. पण लादो हसला नाही. तो बापाकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत? मी उद्या तिथे जाऊन तुमचं डोकं फिरलंय म्हणून सांगणार होतो!"

"तिची चूक मी का सांगू?" ओन्द्रे म्हणाला. "तिला सांगायची असती तर तिने सांगितली असती. आणि नुसती चूकच सांगायची? मग बाकीचंही सांगावं लागलं असतं."

"बाकीचं काय?"

"ओन्द्रे," जुस्तीना म्हणाली. "नको."

"आता डबा उघडलाच आहेस ना." तो मुलांकडे वळला. दोघांशी तो असं बोलत असे ते फक्त मैदानावर, शेवटच्या क्वार्टरआधी. "बावन्न सालची क्लेफर्डची मॅच. सगळे म्हणतात, कोच तिरपाकने त्यांच्या बचावातलं भोक शोधलं. पेपरात आलं, माझा फोटो आला. सोमवारी सकाळी घरात ही एकटीच, माझा पहिला तास मोकळा, मी रस्ता ओलांडून घरी आलो, फिल्म लावली. तीनदा पाहिली, काही दिसेना. ही मागे इस्त्री करत होती. म्हणाली, तो चौसष्ट नंबरचा पोरगा प्रत्येक वेळी आधी डावी टाच उचलतो, आणि टाच उचलली की तो उजवीकडे जातो. मी चौथ्यांदा लावली. टाच."

"बाबा..."

"संपाच्या वर्षी एकही मॅच हरलो नाही. कोण म्हणालं, त्या लंगड्या सिपोसला मागे उभा कर, त्याला धावायला येत नाही पण त्याला सगळं दिसतं? मी म्हणालो नव्हतो. मी त्याला घरी पाठवणार होतो. दर सोमवारी सकाळी, सव्वीस वर्षं. हिने मला शप्पथ घातली होती की बाहेर बोलायचं नाही."

"गाव काय म्हणालं असतं?" जुस्तीना फणकारली. "कोचची बायको सांगते तसा कोच नाचतो! भट्टीवरच्या लोकांनी तुझं जगणं मुश्कील केलं असतं. तू पोरांसमोर उभा राहायचास, मी नाही. पोरांना ओरडायला, त्यांच्या बापांना समजवायला, बर्फात उभं राहायला तूच लागतोस. मी फक्त टाचा बघते."

"फक्त टाचा!" ओन्द्रे म्हणाला, आणि त्या दगडी चेहऱ्यावर अभिमान असा पसरला की रोझाना नंतर आपल्या आईला सांगताना म्हणाली, सासऱ्याला इतकं सुंदर मी कधी पाहिलंच नव्हतं.

लादो खाली पडलेली खुर्ची उचलून बसला. डोक्याला हात लावून म्हणाला, "एमिल, चुकलो मी."

"ठीक आहे."

"ठीक नाहीये. चोर म्हणालो तुला."

"शाळेत असताना याहून वाईट म्हणायचास. तेव्हा तर मी खरंच चोरायचो."

"आता उद्या मी त्या सात जणांना काय सांगू?" लादोने हा प्रश्न आईला विचारला, बापाला नाही. हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"तू काही सांगू नकोस," जुस्तीना म्हणाली. "मी येते."

"तू? मंडळासमोर?"

"का, तिथे बायकांना दाराबाहेर चपला काढायला लावतात? सांगेन: डबा मी भरला, चूक माझी. कोचचं डोकं ठिकाणावर आहे, त्याच्या बायकोचं अक्षरज्ञान तेवढं कच्चं आहे. आणि तो दाताचा डॉक्टर तेरा वर्षांचा असताना याच टेबलावर चार बशा कोबी खाऊन गेलाय, त्याने माझ्याकडे बघून विचारावं काय विचारायचं ते."

"लोक हसतील, आई," लादो हळूच म्हणाला. "तू शिकली नाहीस हे सगळ्यांना कळेल."

"कळू दे. मला वाटलं होतं, हे शेवटपर्यंत झाकून नेईन. त्यापायी माझा नवरा विसरभोळा ठरत असेल आणि माझा पोरगा चोर ठरत असेल, तर ते झाकण मला परवडत नाही." तिने पदर म्हणावा तसा एप्रन झटकला. "बस. आता मला पुन्हा तेच बोलायला लावू नका. एकदा म्हटलं तेवढं पुष्कळ झालं."

ओन्द्रे म्हणाला, "मीही येतो उद्या."

"तू सरावाला जाशील. गुरुवारी मॅच आहे."

त्या एका वाक्याने खोलीतलं सगळं पुन्हा जागेवर आलं. गुरुवार. बारा हजार माणसं, दोन गावं, नदीवरचा पूल सकाळपासून बंद, आणि मैदानाच्या दोन बाजूंना दोन तिरपाक. गेली दोन वर्षं एमिल जिंकला होता. तिसऱ्यांदाही जिंकला, तर ओन्द्रेला निरोप द्यायला मंडळाला कुणाचीच साक्ष लागणार नव्हती.

एमिलने रीळ डब्यात ठेवलं आणि बापाकडे सरकवलं. "बाबा, मी काही पाहिलेलं नाही. पण गुरुवारी मी हात राखून खेळणार नाही."

"राखलास तर घरात पाऊल ठेवू नकोस," ओन्द्रे म्हणाला.

"राखलास तर मी ठेवू देणार नाही," जुस्तीना म्हणाली. "आता ऊठ. तू आणि रोझाना स्वयंपाकघरात जा. दार लाव आतून. सुपात शेवया सोड, मटण काप, आणि खिडकीतून डोकावलास तर खबरदार."

"आई! मी इथला पाहुणा आहे!"

"तू क्लेफर्डचा कोच आहेस. माझा मुलगा तू जेवायच्या वेळी होशील. चल."

रोझाना त्याला ढकलत घेऊन गेली. दारामागून तिचं हसू ऐकू आलं, मग पातेल्याचं झाकण, मग एमिल मोठमोठ्याने गाऊ लागला, मुद्दाम, कानावर काही पडू नये म्हणून.

ओन्द्रेने पडदे ओढले आणि रीळ चढवलं. जुस्तीना सवयीने मागे, इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. लादोने ते पाहिलं. तो उठला, स्वतःची खुर्ची उचलून पडद्यासमोर, अगदी मधोमध ठेवली, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाट पाहू लागला. जुस्तीना दोन क्षण तशीच उभी राहिली. मग आली आणि बसली, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते तशी, ताठ.

प्रोजेक्टर घरघरला. पाण्याची टाकी, बर्नार्डची गाडी, मग करड्या चिखलात अकरा पोरं. पहिल्या सांध्याशी पट्टी तरंगत जमिनीवर पडली. सांधा टिकला. दुसराही टिकला.  तिसऱ्या सांध्यानंतर, सहाव्या डावाला, तिने बोट वर केलं आणि ओन्द्रेने, नजर न वळवता, फिल्म थांबवली. जणू त्या बोटाला आणि त्या बटणाला एकच दोरी बांधलेली होती.

"मागे घे. अजून. थांब." ती पुढे वाकली. "ओन्द्रे, हा पंचाहत्तर नंबरचा मुलगा चेंडू यायच्या आधीच डावीकडे बघतोय. माझ्या लक्षात आलं तर एमिलच्याही येईल. तो माझ्याच पोटचा आहे."

"सांगतो त्या पोराला, बघू नकोस म्हणून," ओन्द्रे म्हणाला.

"नको सांगूस. बघू दे त्याला डावीकडे. चेंडू उजवीकडे पाठव."

 मग ओन्द्रे अडतीस मोसमांचं हसू हसला, पोटातून.

मागे कागद सळसळला. लादोने खिशातून वही काढली होती, जिच्यात तो इतकी वर्षं फक्त बापाचे शब्द लिहीत आला होता. त्याने कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि अंधारात आईच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला.

"सांग, आई," तो म्हणाला. "पण सावकाश."